काही दुखत नाही

१७ मे
पोचले बाई एकदाची काराकियाला! नारिनहून पाच तास गाडीत, शेजारच्या सीटवर एक मेंढी, मांडीवर माझा केक. मेंढीने वाटेत केकच्या खोक्याचा कोपरा खाल्ला आणि तिचा मालक मलाच म्हणतो, एजे, ताई, तुमच्या हाताला चव आहे. केक दुकानातला होता, पण मी श्रेय घेऊन टाकलं.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत रोगी, एकीत मी. चूल चांगली आहे, खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसतात. गाव सगळं उतारावर. खाली नदीजवळ माझा दवाखाना, मध्ये एक टेकाड, जिथे फोन लागतो, आणि अगदी वर शेवटचं घर जापारकुल आकेंचं, म्हणजे जापारकुल दादांचं. त्यापुढे वाट सरळ जायलूला, उन्हाळी कुरणांवर जाते. बायका नान आणि लोणी घेऊन आल्या. एकीने समोवार दिला, थोडा गळतो.

नारिनच्या इस्पितळाने मला फुलं दिली आणि भिंतीवरचं घड्याळ. तीस वर्षं नर्स म्हणून राबले तिथे. घड्याळाचा अर्थ मला कळतो, कालिपाची म्हणजे माझी वेळ भरली, सुटलो तिच्या तोंडातून. दामिरा डॉक्टरीण तेवढी खरंच हळवी झाली. हृदयाची डॉक्टर आहे, तीन वर्षांपूर्वी मला झटका आला तेव्हा तिनेच माझ्या शिरेत जाळी बसवली. ही वही तिचीच भेट. इथे हृदय तपासायची पेटी येणार आहे. जो ती बांधेल त्याने दिवसभर कधी काय केलं ते वेळेनिशी लिहायचं असतं. दामिरा म्हणाली, आधी तुम्ही स्वतःला सवय लावा, मग लोकांना शिकवा. तर लिहिते.

वय अठ्ठावन्न, साखर बारा वर्षांपासून. तब्येत ठणठणीत. काही दुखत नाही.

२० मे
आज गंमत झाली. संध्याकाळी रबरी बूट काढला तर मोजा लाल. तळपायात खिळा! बुटातून आरपार आलेला, आणि मी दिवसभर त्याच्यावर गावभर हिंडले. कळलंसुद्धा नाही. शेजारची सेयिलकान किंचाळली. मी म्हटलं, अगं, माझं कातडं गेंड्याचं आहे, नारिनमध्ये कमावलंय. पट्टी बांधली. चहा प्याले, साखर न घालता. म्हणजे एकच चमचा.

२४ मे
पेटी आली. हाताच्या पंजाएवढी, तिच्यातून पाच वायरी निघतात, त्या छातीवर चिकटवायच्या. चोवीस तास हृदयाची प्रत्येक धडधड नोंदते. आत नखाएवढं कार्ड असतं, ते काढून नारिनला दामिराकडे पाठवायचं. सोबत वेळेची नोंद असलेला कागद. कार्डं दोन मिळाली आहेत.

पहिला मान जापारकुल आकेंचा. वय चौऱ्याहत्तर, गावातला सगळ्यात तोंडाळ माणूस, म्हणजे मी येईपर्यंत होता. शरदात घोड्यावरून पडले. तेव्हापासून मुलगा तालाय धास्तावलाय. हृदय तपासल्याशिवाय यंदा जायलूला सोडणार नाही म्हणतो. म्हातारा चवताळलाय. जन्मात एकही उन्हाळा खाली काढला नाही म्हणे. खालच्या माश्या त्यांना ओळखतसुद्धा नाहीत. सगळे दहा जूनला निघणार.

पेटी बघून म्हातारा म्हणतो कसा, आधी तू बांधून दाखव, तू जगलीस तर मी बघतो. पोरं हसली. मी म्हटलं, बघाच.

२५ मे
पेटी बांधून हिंडतेय. दामिराच्या शिस्तीत लिहिते:
६.१० – उठले, समोवार पेटवला. बरी आहे.
८.३० – दोन पोरांना लस. एकाने चावा घेतला.
११.४० – टेकाडावर चढून एमिलला फोन. माझा मुलगा, रशियात ट्रक चालवतो. उचलला नाही. जरा धाप लागली, चढच आहे तेवढा.
१.०० – जेवण, नूडलचं सूप.
४.२० – चुलीशी बसून बटाटे सोलले. शांत.
दुखलं? काहीच नाही.

२६ मे
पेटी काढली. गावकऱ्यांना दाखवलं, बघा, जिवंत आहे. वापरलेलं कार्ड ओळखू यावं म्हणून त्यावर पेनने १ लिहिलं आणि चहाच्या डब्यात टाकलं. पाठवायचं कशाला? मी काय रुग्ण आहे?

दुसरं कार्ड घालून जापारकुल आकेंना पेटी बांधली. छातीवरचे केस काढावे लागले तेव्हा म्हणाले, मेंढ्यांची लोकर विकतात, माझी फुकट घेतेस होय. सून कुमुशाय तोंडाला डोईचा रुमाल लावून हसत होती. मोठी गुणी मुलगी आहे.

२८ मे
पेटी परत आली. कार्ड काढून त्याच चहाच्या डब्यात ठेवलं. नोंदीचा कागद म्हाताऱ्याने कोराच ठेवला होता, तो मी विचारून विचारून भरला. अकरा ते बारा झोपलो होतो म्हणाले. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, रुग्ण क्रमांक १. या गावातला माझा पहिला रुग्ण! गुरुवारची गाडी निघाली होती, धावपळीत डब्यातून एक नंबरचं कार्ड काढलं, कागदाला चिकटवलं, ड्रायव्हरच्या हातात दिलं. नीट हं, म्हटलं, यात एका माणसाचा उन्हाळा आहे.

२ जून
दामिराचं पत्र आलं. वाचून बसूनच राहिले.

लिहिते की रुग्ण क्रमांक एकच्या हृदयाला दिवसातून पाच वेळा रक्त पुरत नाही. सकाळी ६.१०, दुपारी ११.४०, ४.२०, आणखी दोनदा. ४.२० ला तर बावीस मिनिटं. आणि एकदाही दुखलं नाही. याला ती हृदयाची मुकी उपासमार म्हणते. हृदय उपाशी मरतं पण ओरडत नाही. साखर असली, आधी झटका येऊन गेला असला, की असं होतं. दुखणं म्हणजे राखणीचा कुत्रा, आणि हा कुत्रा मुका आहे, लांडगा आत शिरला तरी भुंकत नाही. पुढे लिहिते, ११.४० ला कागदावर झोप लिहिलंय, पण नाडी चढावर चढल्यासारखी धावतेय. म्हातारे थापा मारतात, सवय आहे.

चढ नाही, घोडा नाही, जायलू तर नाहीच. अठरा तारखेला नारिनमध्ये खाट मिळेल, तेव्हा आणा. आणि शेवटी, नेहमीप्रमाणे रुग्णाला सांगू नका, घरच्यांना सांगा.

हे काही तिने मला सांगायला नको. आमच्याकडे वाईट बातमी माणसाच्या तोंडावर फेकत नाहीत. मेल्याची बातमीसुद्धा आधी वडीलधारे येतात, इकडचं तिकडचं बोलतात, मग हळूच सांगतात. आणि आजाऱ्याला तर कधीच नाही, धसक्यानेच जायचा. तीस वर्षं मी हेच केलं. रोग्याकडे बघून हसायचं आणि दाराबाहेर त्याच्या बायकोला सांगायचं.

वर जाऊन तालाय आणि कुमुशायला गोठ्यामागे गाठलं. तालायने गवताची पेंढी खाली टाकली. पोरगी रडली नाही, फक्त विचारलं, युर्त तंबूच्या लोकरी नमद्यांना उन्हं दाखवू का?

६ जून
गावात कुणाला काही सांगितलं नव्हतं. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

म्हाताऱ्याचा घोडा लंगडतोय असं सांगून दुसऱ्याच्या कुरणात नेऊन बांधला. अंगणात युर्तचे नमदे पसरलेत. आकेंना केवढा आनंद! वाटलं, जायलूची तयारी, तिथे राहतात ते युर्तमध्येच. स्वतः काठी घेऊन धूळ झटकत होते, सुनेला शिकवत होते कुठला दोर कुठे. कुमुशाय मान खाली घालून हो हो म्हणत होती. माणूस गेलं की आमच्यात अंगणात युर्त उभारतात आणि मयत त्यात ठेवतात, पुरुष डावीकडे, बाई उजवीकडे. आपल्याच मयताचे नमदे झटकत होता बिचारा. मला तिथे थांबवेना.

माझं बरं आहे. पायाची जखम बरी होत नाही, पण दुखत नाही.

९ जून
म्हातारा कच्चा नाही. त्यांच्याकडे रोज कुणीतरी नान घेऊन जातं, बसतं, आणि उठताना म्हणतं, आके, कधी वावगं बोललो असेन तर राजी व्हा, माफ करा. हे आम्ही कधी म्हणतो ते लहान पोरालाही ठाऊक आहे. दोन वर्षं बोलत नव्हता तो तुरारबेकसुद्धा आला, पाण्याच्या पाटावरून डोकी फोडलेला. त्याला बघून आके समजले म्हणे. बाकीचे चांगुलपणाने येतील, म्हणाले, तुरारबेक मी मरत असल्याशिवाय यायचा नाही.

आज चालत खाली माझ्याकडे आले. सरळ विचारलं, कालिपा, त्या पेटीने काय सांगितलं? शपथ घालून विचारलं.

मी हसले. तीस वर्षांचं ठेवणीतलं हसू. म्हटलं, घोड्यासारखं हृदय आहे, आके.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तू चांगली बाई आहेस, पण खोटं बोलताना तुझे दात फार दिसतात. मग चढ चढून गेले. मध्ये एकदाही थांबले नाहीत. मीच खिडकीत श्वास रोखून उभी.

११ जून
काल सगळे जायलूला गेले. तालाय मेंढ्या पोचवून येणार. आके मागे राहिले. भिंतीकडे तोंड करून झोपलेत, जेवत नाहीत. कुमुशाय म्हणते, घोडीचं आंबवलेलं दूध, कुमीससुद्धा नको म्हणाले. दुवा म्हणायला मोल्ला बोलावलाय.

काळीज तुटतं. पण नाइलाज. निदान अठरापर्यंत तग धरतील.

१२ जून
दूधवाल्या बाईला पेटी बांधायची होती. नवं कार्ड यायचंय, म्हणून माझं वापरलेलं पुसून घालावं म्हटलं. चहाच्या डब्यात हात घातला.

कार्डावर आकडा नाही.

पुन्हा बघितलं. चहा सगळा जमिनीवर ओतला. एकच कार्ड. कोरं. १ लिहिलेलं नाही. ते मी – ते मी त्या गुरुवारी पाठवलं. कागदावर १, कार्डावर १.

दामिराचं पत्र काढलं. ही वही काढली. पंचवीस मे.
६.१० – समोवार.
११.४० – टेकाड.
४.२० – बटाटे. शांत.

शांत, लिहिलंय मी. माझ्याच हाताने.

१३ जून
आकडा नसलेलं कार्ड पहाटेच्या गाडीने नारिनला पाठवलं. ड्रायव्हरला म्हटलं, स्वतः दामिराच्या हातात दे. खात्री झाल्याशिवाय वर कशी सांगू? असं मनाला सांगते. खरं म्हणजे पाय उचलत नाही.

बटाटे सोलायला बसले. सोलवेना. याच स्टुलावर, याच चुलीशी, बावीस मिनिटं माझं हृदय उपाशी होतं आणि मी साल एकसंध निघते का बघत होते. आता कान लावून बसलेय. काही नाही. दुखत नाही. याचा काय अर्थ लावू? बरं आहे म्हणून दुखत नाही, की –

छातीवर चिमटा काढला. तो दुखला. तेवढंच दुखलं.

जाळीच्या गोळ्या मार्चपासून घेतलेल्या नाहीत. दुखत नाही तर कशाला, म्हणाले होते. हेच एखादा रोगी म्हणाला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आज दोन घेतल्या. जुन्या आहेत. आता काय उपयोग.

आणि वर तो माणूस माझं मरण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलाय.

१४ जून
टेकाडावर चढावंच लागलं. फोन दुसरीकडे लागत नाही. दर दहा पावलांना थांबले. दमले म्हणून नाही. भीतीने. दमही लागला असेल, मला काय कळतंय.

दामिरा म्हणाली, दुसऱ्या कार्डाचं हृदय घोड्यासारखं आहे, त्या म्हाताऱ्याला खुशाल जायलूला पाठवा. मग म्हणाली, पहिलं कुणाचं?

मी म्हटलं, वय अठ्ठावन्न, साखर बारा वर्षांपासून. मग तिचा आवाज बदलला. एकदम गोड झाला. तो आवाज मी ओळखते, मीच शिकवलाय तिला. म्हणाली, एजे, काळजीचं काही नाही, तुमच्या घरचं कुणी आहे का तिथे? माझ्याशी बोलायला द्या.

घरचं. एमिलने महिनाभर फोन उचललेला नाही. म्हटलं, दामिरा, माझ्या घरी मीच आहे, मलाच सांग. तेव्हा तिने सांगितलं. उद्या दुपारी इस्पितळाची गाडी पाठवते. तोवर आडवं राहा. एक पाऊलही चढायचं नाही.

उतरले. सेयिलकानला सगळं सांगून वर पाठवलं, आकेंना सांग, चूक झाली, ते ठणठणीत आहेत.

ती परत आली. कुणी मानलं नाही म्हणे. आके भिंतीकडेच बघत म्हणाले, आता ही नवी थाप कुणाची? कुमुशाय तिच्या गळ्यात पडून रडली, फार चांगल्या आहात म्हणाली, पण पुरे करा. बरोबरच आहे. बारा दिवस सगळ्यांनी इतक्या मायेने खोटं सांगितलं, आता खरं कोण ऐकणार? आके म्हणाले म्हणे, जिने पेटी बांधली तिने येऊन माझ्या तोंडावर सांगावं. चार दिवस पोटात अन्न नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस.

भिंतीकडे तोंड करून असे किती जण गेले माझ्या हातून? मी दाराबाहेर कुजबुजत होते तेव्हा?

१५ जून
८.०० – गाडी दुपारी येणार. आडवी आहे. दुखत नाही.

८.४० – सेयिलकान सांगून गेली. आके आज बोलतही नाहीत.

९.०५ – निघाले. पत्र आणि वही घेतली. जित्याची खोड.

९.३० – टेकाड. दगडावर बसलेय. हाताला घाम. दुखत नाही.

९.५५ – अजून अर्धा चढ. जबडा जड वाटतो. दुखत नाही, नुसता जड. लिहून ठेवते, दामिराला लागेल.

१०.४० – पोचले. अंगणात युर्त उभारून तयार! कुमुशायला डोळ्याला डोळा देववेना. आत गेले. पत्र आकेंच्या नाकासमोर धरलं, वहीतलं पान धरलं, म्हटलं, वाचा. ६.१० समोवार. तुमच्याकडे समोवार आहे का? नाही. ११.४० टेकाड. तुम्ही झोपला होता. हे माझं हृदय आहे, आके. मी हसत नाहीये, माझे दात बघा.

बराच वेळ वाचलं. मग उठून बसले. मला अशा शिव्या दिल्या की मोल्ला बाहेर गेला. माझं मरण मलाच दिलं असतंस तर मी चुलीत घातलं असतं, तुझं मरण मला कशाला चिकटवलंस, म्हणाले. मग रडले. मग सुनेवर ओरडले, सूप आण, घोडा आण.

११.१० – सूप प्याले. दोन वाडगे. मी मोजले.

११.२५ – घोडा आणला. लंगडत नाही अर्थात. आके चढले. एका झेपेत. वरून म्हणाले, कालिपा, राजी आहेस ना माझ्यावर? मी म्हटलं, निघा आता, माश्या ओळखायला लागतील.

११.३० – कुमुशाय गाडी अडवायला खाली पळालीय. तोवर युर्तमध्ये बस म्हणाली, सावली आहे. पुरुषांच्या बाजूला, डावीकडे, नवी गादी अंथरलेली. आकेंसाठी. मी उजवीकडे बसले. बायकांची बाजू. नमद्यांना उन्हाचा वास आहे, छान झटकलेत म्हाताऱ्याने.

११.३५ – आडवी झाले. घोड्याच्या टापा ऐकू येतात, वर चाललेत. गाडीचा आवाज नाही अजून.

११.४० – दुखत नाही. बोटं थंड. पेन धरवत नाही नीट. भीती वाटते, दामिरा, फार भीती वाटते, आणि दुखत काहीच ना